ओल गेली तर बुरशी जाईल

मृग लागून पहिली सर आली की आपल्या सगळ्यांनाच कसं बरं वाटतं! कांद्याची भजी होतात, खिडकीशी बसून आल्याचा चहा होतो. पण आषाढ निम्मा सरतो, सूर्य आठ-आठ दिवस तोंड दाखवत नाही, आणि मग मंगळागौरीसाठी म्हणून कपाटातली पैठणी काढायला जावं, तर आधी नाकात कुबट वास शिरतो. घडीवर पांढुरके ठिपके. खालच्या खणातल्या चपलांवर हिरवट लव. कपाट जरासं पुढे ओढावं, तर मागची भिंत काळ्या टिकल्यांनी भरलेली. आणि नेमकं त्याच दिवशी कुणीतरी पाहुणं येतं आणि नाक वर करून विचारतं, "कसला गं हा वास तुमच्याकडे?" घर आपलं, म्हणून वास आपला आणि अपराधही आपलाच!

मैत्रिणींनो, ही अपराधाची भावना आधी मनातून काढून टाका. बुरशीला आळशी गृहिणी लागत नाही, तिला ओल लागते. रोज लखलखीत घर ठेवणाऱ्या बाईच्या भिंतीवरही ती येते. किंबहुना भर पावसाळ्यात दिवसातून दोनदा ओल्या फडक्याने लादी पुसणाऱ्या घरात ती थोडी लवकरच येते, कारण ते पुसलेलं पाणी वाळून जाणार कुठे? घरातल्या हवेतच ना!

जुन्या बायका 'बुरा आला' म्हणतात, आपण 'बुरशी' म्हणतो. ('बुरसटलेले विचार' हा शब्दही याच घरचा. बंद ठेवलेल्या आणि हवा न लागलेल्या गोष्टीचं काय होतं हे आपल्या भाषेला कधीचंच ठाऊक होतं!) तिचे सूक्ष्म बीजकण बारा महिने तेरा काळ हवेत असतातच. तुमच्या घरात, माझ्या घरात, देवळात, इस्पितळात. ते काही आपल्याला हाकलून लावता येत नाहीत. पण त्यांना रुजायला तीन गोष्टी लागतात : ऊब, अन्न आणि ओल. ऊब आपल्याकडे आहेच. अन्न म्हणाल तर कागद, कातडं, लाकूड, खळ, धूळ, साबणाचा थर, रंगाचा पापुद्रा, काहीही चालतं. राहता राहिली ओल. तेवढी एकच आपल्या हाती. मुंबई-ठाण्यात, कोकणात, गोव्यात ऐन पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. बुरशीला तर साठ-सत्तर टक्के पुरतात. आणि एखादी वस्तू भिजली आणि तशीच राहिली, तर दीड-दोन दिवसांत तिच्यावर बुरशी धरू शकते. हे दोन दिवसांचं गणित तेवढं पक्कं लक्षात ठेवा. पायपुसणं असो, शाळेचं दप्तर असो नाही तर सोफ्याची उशी असो, दोन दिवसांच्या आत ते कडकडीत वाळलं पाहिजे.

भिंतीची ओल येते कुठून?

डाग दिसला की आपला हात आधी फडक्याकडे जातो. जरा थांबा. आधी ती खरंच बुरशी आहे का ते बघा. पुष्कळदा भिंतीवर पांढरी, पिठासारखी पूड फुटते, ती बुरशी नव्हे. तो लोणा. भिंतीत मुरलेलं पाणी बाहेर येताना आतले क्षार घेऊन येतं, ते हे. त्यावर पाण्याचा थेंब टाका. विरघळून गेला तर लोणा समजा. बुरशी अशी विरघळत नाही. मात्र लोणा दिसला म्हणून निर्धास्त राहू नका. भिंतीत पाणी फिरतंय, याचा तो पुरावाच आहे, आणि आज लोणा तिथे उद्या बुरशी.

आता दुसरी परीक्षा, आणि ही प्रत्येकीने एकदा करून पाहावी अशी आहे. प्लॅस्टिकचा साधारण फूटभर चौकोनी तुकडा घ्या. भिंतीची ती जागा कोरड्या कापडाने पुसून त्यावर तो तुकडा ठेवा आणि चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा. एक-दोन दिवसांनी बघा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडच्या अंगाला, पाण्याचे थेंब जमले असले तर पाणी भिंतीतून येतंय. आतून कोरडं आणि बाहेरून दमट असलं, तर ओल खोलीतल्या हवेतली आहे. या दोन्हींची औषधं अगदी निराळी, आणि भिंतीच्या दुखण्याला हवेचं औषध देऊन कितीतरी घरांतून दरवर्षी पैसा आणि मेहनत फुकट जाते.

हवेतली ओल असली तर ती बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे. बादलीभर पिळलेलं धुणं खोलीत दोरीवर वाळत घातलं, तर त्यातलं दीड-दोन लिटर पाणी खोलीच्या हवेत जातं. विश्वास बसत नसला तर वाळत घालण्यापूर्वी आणि वाळल्यावर धुण्याचं वजन करून बघा! तेव्हा कपडे निजायच्या खोलीत वाळत घालू नका. दुसरी सोय नसेल तर एकाच खोलीत, खिडकी किलकिली ठेवून आणि पंखा लावून वाळवा, आणि त्या खोलीचं दार बाकीच्या घराकडून लावून घ्या. यंत्रात जास्तीची पिळणी द्या. स्वयंपाक करताना, विशेषतः कुकर आणि भात चालू असताना, वाफ बाहेर फेकणारा पंखा लावा आणि गॅस बंद केल्यावरही दहा मिनिटं चालू ठेवा. आंघोळीनंतर न्हाणीघराच्या फरशीवरचं पाणी रबरी पट्टीच्या झाडूने ओढून काढा. याला दोन मिनिटं लागतात, पण महिन्याची घासाघीस वाचते.

खिडक्यांचं काय करायचं, यावर घराघरात वाद असतो. सासूबाई म्हणतात उघड, सूनबाई म्हणते बंद कर. दोघींचं खरं आहे! झड लागून पाऊस कोसळत असताना खिडक्या सताड उघड्या ठेवून घर वाळत नाही. बाहेरची हवा आतल्यापेक्षा ओलीच असते. पण पावसाने उघडीप दिली, जरा उन्हाची तिरीप पडली, की हातातलं काम टाकून समोरासमोरच्या खिडक्या, कपाटाची दारं, फडताळं सगळं अर्धा-पाऊण तास उघडं टाकावं. वारा एकीकडून येऊन दुसरीकडून गेला पाहिजे. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटून असेल तर चार बोटं तरी पुढे ओढा, म्हणजे मागून हवा खेळेल. पूर्वी कपाटात छोटा पिवळा दिवा लावून ठेवायची पद्धत होती. त्याचा उपयोग त्याच्या उबेचा. आताचे एलईडी दिवे तेवढे तापत नाहीत, तेव्हा ते लावून काही होणार नाही, आणि तापणारा दिवा कपड्यांजवळ ठेवणं म्हणजे आगीला बोलावणं. वातानुकूलन यंत्र असलं तर त्याची हवा कोरडी करण्याची सोय दिवसाकाठी दोन-तीन तास वापरावी. ओल शोषणाऱ्या डब्या बाजारात मिळतात, त्या लहान बंद कपाटात उपयोगी पडतात, खोलीत नाही. त्यांत साठलेलं खारट पाणी कपड्यांवर सांडणार नाही आणि मुलांच्या हाती लागणार नाही, एवढं बघा.

आणि भिंतीतून पाणी येत असेल तर? मग फडकं, व्हिनेगर, ब्लीच, सगळं व्यर्थ. पाणी कुठून शिरतंय ते शोधलं पाहिजे. वरच्या मजल्यावरच्या मोरीखाली डाग आहे का? बाहेर त्याच भिंतीवरून नळ उतरतोय का? गच्चीच्या कठड्याला भेग आहे का, आणि त्या भेगेत पिंपळाचं रोप उगवलंय का? (ते नुसतं उपटून भागत नाही, मुळं आत राहतात आणि भेग वाढवतात.) खिडकीची चौकट आणि भिंत यांच्यामधली फट बुजवलेली आहे ना? तळमजल्याच्या जुन्या घरात जमिनीतूनच ओल वर चढते आणि भिंतीचा खालचा दोन-तीन फुटांचा पट्टा काळा पडतो.

इथे एक गोष्ट स्पष्टच बोलते. भिंत दर आठवड्याला पुसायची बाईने, आणि गळती दुरुस्त करायची की नाही हे ठरवायचं बैठकीत बसलेल्या पुरुषमंडळींनी, असं बऱ्याच इमारतींत चालतं. त्यांना डाग दिसत नाही, कारण आपण तो पुसून ठेवलेला असतो! तेव्हा या पावसाळ्यात पुसण्यापूर्वी फोनवर तारखेसह छायाचित्र काढा. डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढून तारीख लिहा; पुढच्या पावसानंतर डाग रेघेबाहेर गेला की पुन्हा छायाचित्र. अशी चार छायाचित्रं जोडून संस्थेला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीची दुरुस्ती आणि पावसाच्या पाण्याची गळती ही संस्थेने आपल्या खर्चाने पाहायची असते. फक्त संडास-मोरीची आतली गळती ज्या-त्या सदनिकावाल्याकडे येते. अर्जावर तुमची सही असली तर काही बिघडत नाही, बरं का!

पुसायची कशी?

कोरड्या झाडूने किंवा ब्रशने बुरशी कधीही झाडू नका. झाडली की तिचे बीजकण घरभर उडतात, आणि आज एका भिंतीवर आहे ती आठ दिवसांनी तीन भिंतींवर. नाकातोंडावर चांगला मास्क, हातात रबरी मोजे, खिडकी उघडी, पंखा बंद. आधी साबणाच्या किंवा धुण्याच्या पावडरच्या पाण्याने जागा ओली करायची, मग घासायची, स्वच्छ पाण्याच्या फडक्याने पुसायची, आणि मग (हेच नेमकं राहून जातं) पंखा लावून पूर्ण वाळवायची. वापरलेली फडकी सरळ गरम पाण्यात धुवा किंवा फेकून द्या.

मोरीच्या चिनी मातीच्या फरशांवरचे आणि त्यांच्या सांध्यांतले काळे डाग साबणाने निघाले नाहीत तर पातळ ब्लीच वापरता येतं. चार लिटर पाण्यात एक कपाहून अधिक नको. पण चुन्याच्या किंवा रंगाच्या भिंतीवर ब्लीच लावून फारसा फायदा नाही. वरचा डाग पांढरा होतो, आतली मुळं तशीच राहतात, आणि वर पाण्याची भर पडते ती वेगळीच. पांढरं व्हिनेगर लहानसहान जागांना बरं, लाकडी दाराच्या कडेला, फ्रिजच्या रबराला. मात्र शहाबादी, कडप्पा, संगमरवर आणि मोझॅकवर ते चुकूनही ओतू नका. आंबट पदार्थाने हे दगड खातात आणि त्यांची झिलई जाते.

आता हे नीट वाचा आणि घरात कामाला येणाऱ्या बाईंनाही सांगा. ब्लीच, मग ते पातळ असो की ब्लीचिंग पावडर, संडास धुण्याच्या ॲसिडबरोबर, व्हिनेगरबरोबर किंवा लिंबाबरोबर कधीही मिसळायचं नाही. एकानंतर लगेच दुसरंही टाकायचं नाही. दोन्ही एकत्र आलं की क्लोरिन वायू निघतो, आणि लहानशा बंद मोरीत तो जीवावर बेतू शकतो. दोन औषधांनी दुप्पट स्वच्छ होईल असं आपल्याला वाटतं, आणि म्हणूनच हा अपघात अगदी टापटिपीच्या घरांत होतो. डोळे-घसा चुरचुरायला लागला तर सगळं तिथेच टाकून बाहेर मोकळ्या हवेत या.

ज्यांना दमा आहे, ज्यांचा मधुमेह आटोक्यात नाही, ज्या स्टेरॉइड किंवा कर्करोगाची औषधं घेताहेत, त्यांनी हे काम दुसऱ्याकडे सोपवावं. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत 'काळी बुरशी' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला आणि मोरीतल्या काळ्या ठिपक्यांनाही लोक घाबरू लागले. तो आजार मुख्यतः साखर अनावर झालेल्यांना आणि स्टेरॉइड दिलेल्यांना झाला. मोरीतले काळे ठिपके म्हणजे तो रोग नव्हे. पण म्हणून ते निरुपद्रवीही नव्हेत. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातल्या ओलीविषयी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली, त्यांत ओल्या, बुरशी धरलेल्या घरांतून खोकला, घशात घरघर आणि दमा यांचं प्रमाण जास्त आढळतं असं म्हटलं आहे. मूल दर पावसाळ्यात रात्री खोकतं, औषधाने तात्पुरतं थांबतं, आणि मामाकडे चार दिवस गेलं की आपोआप बरं होतं, असं असेल तर त्याच्या पलंगामागची भिंत बघा. आणि डॉक्टरांना घरातल्या ओलीबद्दल आपण होऊन सांगा. ते विचारतीलच असं नाही.

धूप-ऊद घालून कुबट वास झाकला जातो, जात नाही. दम्याच्या मुलाला तर तो धूर अधिकच बाधतो. देवापुढे उदबत्ती जरूर लावा; बुरशीवरचा इलाज म्हणून लावू नका.

कपाटातली लक्ष्मी

कपड्यांच्या बाबतीत एक साधी गोष्ट पुष्कळजणींना माहीत नसते. खळ केलेली सुती साडी तशीच घडी करून पावसाळाभर ठेवायची नाही. खळ म्हणजे शेवटी पेजच, आणि बुरशीला ती आपल्याइतकीच आवडते! मे महिन्यात अशा साड्या नुसत्या पाण्यातून काढून, खळ घालवून, कडक वाळवून ठेवाव्यात. भरजरी साड्या मलमलीच्या किंवा जुन्या मऊ धोतराच्या तुकड्यात गुंडाळाव्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत नव्हे. दुकानातून येताना आलेली ती चकचकीत पिशवी म्हणजे साडीचं तुरुंगघर. आत राहिलेली ओल बाहेर जात नाही. महिन्यातून एकदा उघडिपीच्या दिवशी घड्या मोडून उलट्या घालाव्या. रेशमावर बुरशीचे ठिपके दिसलेच तर साडी घराबाहेर, गॅलरीत नेऊन सावलीत वाळवा, पूर्ण वाळल्यावर मऊ ब्रशने हलक्या हाताने टिपा (मास्क लावून), आणि डाग राहिला तर ड्रायक्लीनिंगला देताना तो बोट ठेवून दाखवा. डागावर इस्त्री फिरवू नका, उष्णतेने डाग पक्का होतो. पांढऱ्या सुती कपड्यावर लिंबू-मीठ चोळून उन्हात घालायचा जुना उपाय चांगला आहे, पण तो रंगीत कपड्याला नको.

चामड्याच्या चपला-बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि ते दर दोन दिवसांनी बदला. हिरवी लव आली तर घराबाहेर ओलसर फडक्याने टिपून, सावलीत वाळवून मग पॉलिश करा.

आणि आता डांबराच्या गोळ्या. त्या कसरीसाठी आहेत, बुरशीसाठी नाहीत. कितीही टाकल्या तरी ओल्या कपाटातली बुरशी त्यांनी थांबत नाही. तशाच वेखंड, लवंगा, कडुलिंबाचा वाळलेला पाला या गोष्टी किड्यांना दूर ठेवायला आणि वासाला बऱ्या, एवढंच. पण डांबराच्या गोळ्यांविषयी सांगायचं ते याहून महत्त्वाचं आहे. घरात बाळंतपण असतं, आजीच्या मऊ लुगड्याची दुपटी ट्रंकेतून निघतात, आणि त्यांना गोळ्यांचा वास असतो. आपल्याला तो स्वच्छतेचा वास वाटतो. पण काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एक विकर कमी असतं, जी-सिक्स-पी-डी नावाचं. अशा बाळाच्या अंगाला या गोळ्यांच्या वासाचे कपडे लागले तर त्याच्या तांबड्या पेशी फुटून जबर कावीळ होऊ शकते. कुठल्या बाळात ते विकर कमी आहे हे वरून दिसत नाही. तेव्हा बाळाचे कपडे, दुपटी, गोधड्या गोळ्यांमध्ये ठेवूच नका. आधीच ठेवले असतील तर नुसते उन्हात न टाकता नीट धुवा, वाऱ्यावर वाळवा, आणि वास संपूर्ण गेल्याशिवाय वापरू नका. गोळी गोड चॉकलेटसारखी दिसते म्हणून रांगतं मूल ती तोंडातही घालतं, तेही ध्यानात असू द्या.

उपासाचे दाणे

भिंतीवरची बुरशी दिसते म्हणून आपण तिच्यामागे लागतो. डब्यातली मात्र आपण काटकसरीच्या नावाखाली पोटात घालतो. पावाच्या एका कोपऱ्याला हिरवा ठिपका आला, तेवढा तुकडा काढून बाकीचा भाजून दिला. खोबऱ्याच्या वाटीला आतून बुरशी आली, सुरीने खरवडून वाटणात घातली. दाणे जरा काळपट, कडवट लागले, "भाजले की ठीक होतात." टाकायला जीव होत नाही हे खरं. महागाईत खोबऱ्याची वाटी फेकणं कुणाला परवडतं?

पण हा हिशेब चुकतो. शेंगदाणे, खोबरं, मका, सुक्या मिरच्या यांच्यावर येणाऱ्या एका जातीच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते यकृतावर घाला घालतं, आणि थोडं-थोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं तर यकृताच्या कर्करोगाला कारण होतं. भाजून, तळून, कुकरच्या शिट्ट्या देऊन ते जात नाही. बुरशी मरते, विष राहतं. आणि ही काही परदेशातल्या पुस्तकातली गोष्ट नव्हे. १९७४ साली आपल्या शेजारच्या गुजरात आणि राजस्थानच्या सीमेवर, पंचमहाल आणि बांसवाडा भागातल्या आदिवासी खेड्यांत, अवेळी पावसाने भिजलेला मका लोकांनी खाल्ला. घरात दुसरं धान्य नव्हतं. कावीळ झाली, पोटात पाणी झालं, आणि शंभरांहून अधिक माणसं दगावली. त्या बायकांनी काही निष्काळजीपणा केला नव्हता. त्यांच्याकडे टाकून द्यायची सोयच नव्हती. आपल्याकडे मूठभर दाणे टाकायची तरी सोय आहे.

आता आपला श्रावण बघा. वर्षातली सर्वांत दमट हवा, आणि वर्षातले सर्वांत जास्त उपास! सोमवार, शनिवार, एकादशी. साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, दाण्याचे लाडू. ज्या महिन्यात दाणे सगळ्यांत लवकर बिघडतात, त्याच महिन्यात आपण आणि आपली मुलं ते सगळ्यांत जास्त खातो. तेव्हा पावसाळ्यात दाणे एकदम पाच किलो भरू नका. पंधरा दिवस पुरतील एवढेच आणा. ताटात पसरून निवडा. सुरकुतलेला, काळा पडलेला, हिरवट-पिवळ्या पुडीचा, फुटून आत काळा दिसणारा दाणा वेगळा काढा, आणि खाऊन कडू लागला तर थुंकून टाका. निवडलेले दाणे लगेच मंद भाजून, गार करून, कोरड्या घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. भाजण्याचा उपयोग विष घालवण्यासाठी नाही. पुढे बुरशी धरू नये म्हणून, ओल काढण्यासाठी. कूट आठवड्यापुरताच करा. आणि तयार कूट स्वस्त मिळतो म्हणून आणू नका. कुटलेला दाणा निवडता येत नाही!

खोबऱ्याची वाटी आतून काळी-हिरवी असेल तर अख्खी टाका. पावाचंही तेच. पाव जाळीदार असतो, ठिपका वर दिसतो तेव्हा बुरशी आत पसरलेली असते. पेनिसिलिन बुरशीतून निघालं म्हणून आपल्या पावावरची बुरशी काही औषध होत नाही. पापड-कुरडयांचे डबे श्रावणापूर्वी एकदा उघडून पाहा. नुसते मऊ पडलेले असतील तर उन्हात किंवा गरम तव्याशेजारी वाळवता येतील. लव आली असेल तर तो डबा गेला.

लोणच्याचं शास्त्र आपल्या आज्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळत होतं. फोडींच्या वर बोटभर तेल, मीठ पुरेपूर, बरणीला दादरा, आणि ओला चमचा घालणाऱ्याच्या हातावर चापट. तेल वर असलं की हवा लागत नाही, आणि हवेशिवाय बुरशी वाढत नाही. अलीकडे पथ्य म्हणून तेल-मीठ कमी केलेलं लोणचं घालतात. घाला, पण मग ते बाहेर ठेवू नका; फ्रिजमध्ये ठेवा आणि लवकर संपवा. मोठ्या बरणीतून आठवड्यापुरतं लहान बाटलीत काढून घ्यावं, म्हणजे मोठी बरणी सारखी उघडत नाही. बुरा आलाच तर वरचा थर काढून बाकीचं खायची पूर्वापार चाल आहे. माझं मत विचाराल तर टाकावं.

पुराचं पाणी घरात आलं तर

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीच्या पाण्यात चिपळूण बुडालं. दोन्ही वेळा पाणी ओसरलं, पण ओल महिनोन् महिने घरांत राहिली. पुराचं पाणी गटाराचंही असतं, तेव्हा त्यात भिजलेली कापसाची गादी, उशा, फोमचा सोफा यांचा मोह सोडावा. ते आतून वाळत नाहीत. आधी नुकसानीची छायाचित्रं काढा, पंचनामा होऊ द्या, मग टाका. वीज तपासल्याशिवाय बटणाला हात नको. प्लायवूडची कपाटं भिंतीपासून ओढून दारं काढून ठेवा. भांडी, स्टीलचे डबे साबणाने आणि उकळत्या पाण्याने धुऊन वापरता येतील. पुराचं पाणी लागलेलं धान्य मात्र वाळवून दळू नका, कितीही हळहळ वाटली तरी.

रंग कधी काढायचा?

बहुतेक घरांत दिवाळीच्या आधी. पाऊस जेमतेम थांबलेला, रंगारी घाईत, आणि घरातल्यांना लक्ष्मीपूजनापूर्वी सगळं चकाचक हवं असतं. पण चार महिने पाणी प्यालेली भिंत पंधरा दिवसांत वाळत नाही. तिच्यावर प्लॅस्टिक पेंटचा थर चढवला की ओल आत कोंडते, आणि संक्रांतीपर्यंत पोपडे सुटायला लागतात. चुन्याच्या सफेदीचं तसं नव्हतं. चुन्यातून भिंतीला श्वास घेता येतो आणि चुन्याचा खारेपणा बुरशीला मानवत नाही. म्हणून दिवाळीत ज्या भिंती कोरड्या आहेत तेवढ्याच रंगवा. ओल्या भिंतीचे पोपडे खरवडून ती उघडी राहू द्या. पाहुण्यांना दिसली तर दिसू दे. ऑक्टोबरच्या उन्हात गाद्या, गोधड्या, पुस्तकं, लग्नाचे आल्बम बाहेर काढा आणि कपाटं रिकामी करून वाळवा. मार्चमध्ये प्लॅस्टिकच्या तुकड्याची परीक्षा पुन्हा एकदा करा. आतून कोरडं निघालं तर खुशाल रंग काढा. थेंब दिसले तर एप्रिल-मेमध्ये गच्चीचं आणि भेगांचं काम आधी, रंग नंतर. त्यासाठीचा अर्ज मात्र जानेवारीतच जाऊ द्या, म्हणजे मृगापूर्वी गवंडी गच्चीवर चढलेला दिसेल.